डिस्टिलरीच्या वायूलाही नोंदवहीत रकाना हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सूर्यप्रकाश आणि उत्प्रेरक (रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) यांच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून इंधन तयार करण्याच्या संशोधनाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. मराठी वृत्तपत्र या विषयाला जागा देते, याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी निपाणीच्या स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर कोणीतरी 'आता हवेतून पेट्रोल निघणार म्हणे' असा विषय काढतो, आणि मी डिस्टिलरीत काम करतो हे ठाऊक असल्यामुळे माझ्याकडे वळून 'खरं काय हो ते?' असे विचारतो. चहाचा पेला रिकामा होईपर्यंत सांगून संपेल एवढे ते उत्तर लहान नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चिक्कोडी-अथणी पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींत केमिस्ट म्हणून माझी २६ वर्षे गेली. संशोधनाचा अधिकार मी सांगत नाही; परंतु ज्या वायूपासून इंधन करायचे म्हणतात, तो वायू या सगळ्या वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत रोज आकाशात गेला आहे.

ज्यांनी डिस्टिलरी आतून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. साखर काढल्यावर उरलेला पाक, म्हणजे मळी, पाण्याने पातळ करून फर्मेंटरच्या उंच टाकीत घेतात, तिच्यात यीस्ट सोडतात, आणि पुढे सुमारे दिवसभर ते मिश्रण चुलीवर ठेवल्यासारखे खदखदत राहते. वास्तविक ते उकळत नसते. तापमान ३२-३३ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून उलट त्याला सतत थंड करावे लागते. ती खदखद म्हणजे यीस्टने साखर फोडल्यावर तळापासून वर येणारा कार्बन डायऑक्साइड असतो. टाकीच्या झाकणाजवळ चुकून तोंड नेले, तर सोडा वॉटर नाकात गेल्यावर होते तशी झिणझिणी येते आणि डोळ्यांत पाणी तरळते. हा वायू पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन त्याच्याबरोबर आलेले अल्कोहोल काढून घेतात, आणि उरलेला वायू शेडच्या वर गेलेल्या पाइपातून मोकळा सोडून देतात.

तो किती असतो, याचा हिशेब नववी-दहावीच्या रसायनशास्त्राने करता येतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे शेतकऱ्याने वर्षभर राबून उसात साठवलेल्या साखरेचे यीस्ट जवळपास दोन सारखे वाटे करते, आणि त्यांतला एकच वाटा आपण टँकरमध्ये भरतो. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो वायू सुटतो. दिवसाला १ लाख लिटर क्षमतेची डिस्टिलरी पूर्ण चालली, तर रोज सुमारे ७५ टन वायू बाहेर पडतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठण्यात आले. त्यासाठी आपल्या भागातील डिस्टिलरींचा विस्तार कसा झाला, हे अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी या तालुक्यांतून जाणाऱ्या कोणालाही दिसते. जेवढे अल्कोहोल वाढले, तेवढाच हा वायूही वाढला.

आणि तरीही, मी ज्या ज्या ठिकाणी काम केले तेथील नोंदवहीत मळी किती टन आली, तिचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे माप) किती, किण्वनाला, म्हणजे आंबण्याला, किती तास लागले, अल्कोहोल किती लिटर, वाफ किती, वीज किती, स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरलेले सांडपाणी) किती, या प्रत्येक गोष्टीला रकाना होता. वायूला नव्हता. शेजारच्या एखाद्या प्रकल्पात तो पकडून, धुऊन, द्रवरूप करून शीतपेयांसाठी किंवा ड्राय आइससाठी विकला जातो, हे खरे आहे. बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांना तर हा वायू चांगलाच परिचयाचा आहे. सोडियम सिलिकेट कालवलेल्या वाळूचा कोअर (ओतीव भागात पोकळी ठेवणारा साचा) पेटीत ठोकून बसवायचा आणि सिलिंडरच्या नळीने काही क्षण त्यात सीओटू सोडायचा, की हाताने चुरगळणारी वाळू दगडासारखी घट्ट होते. म्हणजे एका तालुक्यात जो वायू मोकळा सोडून देतात, तोच दुसऱ्या तालुक्यात सिलिंडर भरून विकत घेतात. पण या मागणीने सगळा वायू खपणे शक्य नाही, आणि म्हणूनच त्यापासून इंधन करण्याच्या संशोधनाकडे मी गेली काही वर्षे आशेने पाहत आलो आहे.

आता त्या संशोधनाविषयी. कार्बन डायऑक्साइड ही एका अर्थाने कार्बनची राख आहे. जळून जे मिळायचे ते देऊन झालेला कार्बन, असे त्याचे स्वरूप आहे. राखेतून पुन्हा लाकूड करायचे असेल, तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढी तरी परत घालावीच लागेल. उत्प्रेरक ही ऊर्जा देत नाही. तो क्रियेची वाट सोपी करतो. ऊर्जा सूर्याकडून येते. बातमीत हे एक वाक्य जरी स्पष्ट असले, तरी वाचकांचा अर्धा गोंधळ मिटेल. 'कार्बन डायऑक्साइडपासून इंधन' म्हणजे वस्तुतः सूर्याची ऊर्जा त्या वायूच्या आधाराने बाटलीत साठवणे होय. ऊस तेच करतो. सूर्यप्रकाशाचे साखरेत रूपांतर करण्यात ऊस पिकांमध्ये अग्रेसर मानला जातो, आणि तोही वर्षभर अंगावर पडलेल्या उन्हातील जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जाच साठवू शकतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील मंडळींनी फार थोडे साधले म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

या विद्येचा आरंभ जपानमध्ये झाला. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युताग्रावर (इलेक्ट्रोडवर) प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे दाखवले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे आपल्या घराच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. पुढे १९७९ मध्ये इनोऊए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी अशा अर्धवाहकांची (सेमीकंडक्टरांची) पूड पाण्यात ढवळत ठेवून, तीत कार्बन डायऑक्साइड सोडून आणि प्रकाश पाडून फॉर्मिक आम्ल, फॉर्मल्डिहाइड, मिथेनॉल (इंधन म्हणून चालणारे, पण विषारी असे दुसरे अल्कोहोल) यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात मिळवली. तेव्हापासून जवळपास अर्धशतक जगभरात हे काम चालू आहे.

क्रिया समजायला अवघड नाही. अर्धवाहकाच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील एक इलेक्ट्रॉन जागचा उठून वरच्या पातळीवर जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. हा उठलेला इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचून कार्बन डायऑक्साइडला मिळाला, तर इंधनाच्या दिशेने एक पाऊल पडते. रिकामी राहिलेली जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून भरून निघते आणि तिकडे ऑक्सिजन सुटतो. अडचण अशी की उठलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेक पृष्ठभाग गाठण्याआधीच आपल्या रिकाम्या जागी परत येऊन बसतात आणि पकडलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. जे पृष्ठभागापर्यंत पोचतात, त्यांनाही दुसरी सोपी वाट मोकळी असते. भोवती पाणी भरपूर आणि वायू मात्र लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळलेला, त्यामुळे पुष्कळदा इंधनाऐवजी नुसता हायड्रोजन तयार होतो. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ आणि अतिशय स्थिर असल्यामुळे त्याला पहिला इलेक्ट्रॉन देणे हेच सर्वांत कठीण आहे. कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मिक आम्ल करायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. मिथेनॉलसाठी सहा लागतात आणि मिथेनसाठी आठ. सहा-आठ इलेक्ट्रॉन एकाच रेणूपर्यंत क्रमाने पोचवायचे आणि मधल्या टप्प्यावर क्रिया अडू द्यायची नाही, ही मोठी कसोटी आहे. तांब्यासारख्या धातूचे सूक्ष्म कण पुडीवर बसवणे, दोन अर्धवाहक एकमेकांना जोडून काम वाटून देणे, हे प्रयत्न त्यासाठीच चालतात.

याखेरीज टायटॅनियम डायऑक्साइडची एक मर्यादा आहे. त्याच्या नेहमीच्या स्वरूपाला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच, म्हणजे अतिनील प्रकाश चालतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात तो भाग ५ टक्क्यांच्या आसपासच असतो. उरलेले ऊन त्या पांढऱ्या पुडीवरून तसेच परत जाते. दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ आहेत, पण त्यांतील काही पाण्यात आणि उन्हात स्वतःच झिजतात. कॅडमियम सल्फाइडसारख्यांची तर विषारी म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते.

बातम्यांत राहून जाते ते मोजमाप. शोधनिबंधांत उत्पादन बहुधा 'एका ग्रॅम उत्प्रेरकामागे ताशी इतके मायक्रोमोल' (मोल या रासायनिक मापाचा दहा लाखावा भाग) असे दिलेले असते, आणि बातमीत येताना हा आकडा गळून 'दहापट वाढ' एवढेच उरते. एक उदाहरण घेऊ. एका ग्रॅम पुडीमागे ताशी १० मायक्रोमोल मिथेनॉल मिळाले असे धरले, तर एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर मिथेनॉल साठायला १२ हजारांहून अधिक तास लागतात. रोज १० तास कडक ऊन मिळाले तरी तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. त्यात दहापट वाढ झाली, तर तो चमचा चार महिन्यांत भरेल. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही फार मोठी मजल आहे आणि तिचे कौतुक झालेच पाहिजे, परंतु ती वाचून गाडीच्या टाकीचा विचार करणे घाईचे ठरेल.

उत्पादन एवढे थोडे असते म्हणूनच ते खरोखर त्या वायूपासूनच आले का, हेही तपासावे लागते. उत्प्रेरक बनवताना वापरलेल्या सेंद्रिय द्रव्याचा अंश पुडीवर राहिला, तर प्रकाशात तोच फुटून मिथेनॉल किंवा कार्बन मोनॉक्साइड दाखवू शकतो. यावर चांगली प्रयोगशाळा कार्बन-१३ या समस्थानिकाचा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचा, कार्बन डायऑक्साइड वापरते. इंधनातही कार्बन-१३ सापडला, तर तो वायूतूनच आला हे सिद्ध होते. त्याचबरोबर योग्य प्रमाणात ऑक्सिजन सुटला का, हेही पाहायचे असते, कारण काही प्रयोगांत इलेक्ट्रॉन पाण्याकडून न घेता मुद्दाम घातलेल्या ट्रायइथेनॉलअमाइनसारख्या महागड्या रसायनाकडून घेतलेले असतात. अशा प्रयोगातून क्रिया समजून घेता येते. इंधनाचा ताळेबंद मात्र त्यातून मांडता येत नाही. माझी विनंती आहे की यापुढे अशी बातमी देताना ऊर्जा कोठून आली, इलेक्ट्रॉन कोणी दिले, ताशी उत्पादन किती आणि उत्प्रेरक किती तास टिकला, एवढे चार प्रश्न वार्ताहरांनी विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तसे छापावे.

आता हाच हिशेब आपल्या गावच्या मापाने करून पाहू. वर सांगितलेल्या डिस्टिलरीचा रोजचा ७५ टन वायू पूर्णपणे मिथेनॉलमध्ये बदलला, तर सुमारे ५४ टन मिथेनॉल मिळेल आणि त्यात साधारण साडेतीन लाख युनिट विजेएवढी ऊर्जा साठलेली असेल. आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट ऊर्जा पडते. उन्हातील १ टक्का ऊर्जा इंधनात उतरली, असे धरले, तर या एका डिस्टिलरीसाठी १,७०० एकरांच्या आसपास जागेवर उत्प्रेरक पसरावा लागेल. १० टक्के साधले, तर १७० एकरांत भागेल. आजच्या बहुतेक पूड-उत्प्रेरकांची मजल १ टक्क्याच्याही बरीच खाली आहे. घटप्रभेच्या काठची बागायती जमीन यासाठी कोणी देणार नाही आणि देऊही नये. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा हा आमच्यासाठी थेट एकरांचा प्रश्न आहे.

मग आज काय शक्य आहे? सौर पॅनेलवर वीज करायची, विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि तापवलेल्या उत्प्रेरकावर हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड एकत्र आणून मिथेनॉल करायचे, हा मार्ग आजमितीस पुढे आहे. आइसलँडमध्ये नोबेल पुरस्कारविजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचे नाव दिलेला, भूऔष्णिक केंद्राचा वायू वापरणारा असा प्रकल्प गेल्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला. आपल्याकडे मध्य प्रदेशात विंध्याचल येथे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने औष्णिक केंद्राच्या धुरातून पकडलेल्या वायूपासून मिथेनॉल तयार केले आहे. त्या प्रकल्पाची क्षमता रोज १० टनांची आहे. माझ्या मते या मार्गाला पर्याय म्हणून प्रकाश-उत्प्रेरकाकडे घाईने पाहू नये. परंतु पॅनेल, विद्युतविघटन संच, दाबयंत्रे आणि भट्टी ही सगळी यंत्रणा ज्या दिवशी उन्हात ठेवलेल्या एका पट्टीत सामावेल, त्या दिवशी ती लहान कारखान्यालाही परवडेल, आणि म्हणून ते संशोधन थांबता कामा नये.

याच कारणासाठी या संशोधनाची प्रयोगशाळेबाहेरची चाचणी आपल्या सीमाभागातील एखाद्या डिस्टिलरीत व्हावी, असे मला मनापासून वाटते. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत ४२० भागांच्या वर गेले आहे. हवामानाच्या दृष्टीने ते फार आहे, पण वायू गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने ते जेमतेम ०.०४ टक्के भरते. औष्णिक केंद्राच्या धुरात तो १२-१४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि सोबत गंधकाची व नायट्रोजनची संयुगे असतात. बंद फर्मेंटरमधून येणारा वायू मात्र, बाष्प सोडले, तर जवळजवळ शुद्ध असतो. पकडण्याचा निम्मा खर्च यीस्टनेच वाचवलेला आहे म्हणा ना. दुसरे म्हणजे हा कार्बन उसाने मागच्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. दगडी कोळशाच्या धुरापासून केलेले इंधन जाळले, तर जमिनीखालचा कार्बन एक फेरी उशिरा का होईना, हवेत जातोच. उसाच्या कार्बनचे तसे नाही.

तिसरी गोष्ट आपल्या ऋतूंची आहे. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे मार्चपर्यंत चालतो आणि नेमके हेच आपल्याकडे निरभ्र आकाशाचे महिने आहेत. साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी पुढेही चालते, पण जुलैमध्ये खानापूरकडे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा उत्प्रेरकाचे काय होते, तेही याच जिल्ह्यात तपासता येईल. प्रयोगशाळेत दिव्याखाली टिकलेली पूड चिपाडाची धूळ, बॉयलरची राख, वायूबरोबर येणारा अल्कोहोलचा आणि गंधकाचा अंश यांच्यासमोर किती तास टिकते, हे बंगळूरच्या किंवा मुंबईच्या खोलीत बसून कळणार नाही.

बंगळूर आणि मुंबई ही नावे सहज आली नाहीत. कार्बन पकडणे व वापरणे या विषयाची दोन राष्ट्रीय केंद्रे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये जाहीर केली: एक मुंबईच्या आयआयटीत आणि दुसरे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. बेळगाव या दोन शहरांच्या साधारण मधोमध आहे. दोन्हीकडे जायला आम्हाला रात्रभराची बस लागते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगावात आहे. एवढे सगळे जवळ असताना एका डिस्टिलरीच्या छपरावर दहा-बारा चौरस मीटरची चाचणी-पट्टी दोन हंगाम चालवून पाहणे, हे दोन्ही केंद्रांना अशक्य नाही. आमची मुले शाळेत मराठीतून प्रकाशसंश्लेषण शिकतात, कार्यालयात कन्नडमधून अर्ज करतात आणि अभियांत्रिकी इंग्रजीतून करतात. त्यांतल्या चार जणांना या चाचणीची नोंद ठेवण्याचे काम मिळाले, तर ती मुले हा विषय आयुष्यभर विसरणार नाहीत.

एक सावधगिरी मात्र डिस्टिलरीतील माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे. मिथेनॉल दिसायला आणि वासाला अल्कोहोलसारखेच असते आणि पोटात गेल्यास डोळे किंवा प्राण घेते. पिण्याचे अल्कोहोल जेथे तयार होते किंवा साठते, त्या आवारात मिथेनॉलचा प्रयोग करायचा झाला, तर त्याची टाकी, पाइप, कुलूप आणि नोंद पूर्ण वेगळी असली पाहिजे. माझे वैयक्तिक मत असे की सुरुवात फॉर्मिक आम्लापासून करावी. त्याला दोनच इलेक्ट्रॉन लागतात, ते पाण्यातच राहते, चामडे कमावण्याच्या आणि रबराच्या उद्योगात त्याला गिऱ्हाईक आहे, आणि कोणी ते दारू समजून पिण्याचा संभव नाही. इंधन या शब्दाचे आकर्षण मोठे असले, तरी पहिले पाऊल कोणते टाकायचे, हे आपल्या जागेकडे पाहून ठरवावे.

या वायूकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मी पाहिली आहे. बरीच वर्षे झाली. ज्या कारखान्यात मी तेव्हा होतो, तेथे रिकामी केलेली टाकी धुण्यासाठी एक तरुण मदतनीस शिडीने आत उतरला. टाकी रिकामी दिसत होती, पण हवेपेक्षा दीडपट जड असलेला हा वायू तळाशी साचलेला होता. चौथ्या-पाचव्या पायरीनंतर त्याचा हात सुटला. वर उभ्या असलेल्या जोडीदाराला आत उडी टाकण्यापासून आम्ही दोघांनी धरून ठेवले, पाइपने आत जोराची हवा सोडली, मग श्वासयंत्र लावलेला माणूस दोर घेऊन उतरला आणि त्याने त्याला बाहेर काढले. मुलगा वाचला, पण दोन दिवस त्याला धड बोलता येत नव्हते. त्यानंतर व्यवस्थापनाने टाकीवर सूचनाफलक लावला, तो इंग्रजीत. त्या शेडमध्ये काम करणाऱ्यांपैकी कोणी मराठी वाचणारे होते, कोणी कन्नड. मी आणि एका फिटरने मिळून खाली दोन्ही भाषांत रंगाने लिहून काढले. वायू मोजण्याचे यंत्र मागितले, तेव्हा 'जो विकायचा नाही, तो मोजून काय करायचे?' असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला अजून टोचते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सीमाभागातील प्रत्येक डिस्टिलरीने वायूच्या मुख्य पाइपावर प्रवाहमापक बसवावा, फर्मेंटरच्या शेडमध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दाखवणारे यंत्र लावावे आणि रोज किती टन वायू गेला, याचा रकाना नोंदवहीत उघडावा. हे आकडे वर्षाअखेरीस मराठीत आणि कन्नडमध्ये सभासद शेतकऱ्यांसमोर ठेवावेत. ऊस त्यांचा आहे, तसा हा दुसरा वाटाही त्यांचाच आहे. संशोधकाला चाचणीसाठी जागा निवडायची असेल, तर त्याला आधी वायू किती, किती तास, किती शुद्ध, हे कागदावर लागते. तो कागद आज आपल्या जिल्ह्यात एखाद्याच प्रकल्पाकडे असेल.

यंदाचे गाळप सुरू होण्याआधी टाक्यांची दुरुस्ती आणि रंगकाम चालते, तेव्हा पाइप मोकळे असतात. प्रवाहमापक बसवायचा, तर तो त्याच आठवड्यांत बसवता येतो. एकदा मोळी टाकून गाळप सुरू झाले की पुढचे पाच महिने पाइप उघडायला कोणी परवानगी देत नाही. आपल्या वार्ताहरांना फर्मेंटरची शेड आतून पाहायची असेल, तर व्यवस्थापनाची परवानगी काढून मी स्वतः दाखवीन.

आपला नम्र,
डिस्टिलरीतील एक केमिस्ट,
निपाणी, जि. बेळगाव